जुन्या गॅस टर्बाइनला नवे बर्नर: आपल्या किनाऱ्याला त्याचा उपयोग किती?

पाळीबहाद्दर | रविवार, रात्री १०.१२

गेल्या आठवड्यात भाच्याला घेऊन गोपाळगडावर गेलो होतो. तिथून अंजनवेलचा गॅसवर चालणारा वीज प्रकल्प दिसतो, पूर्वीचा एन्रॉनचा. पोरगं म्हणालं, "मामा, धूर नाही म्हणजे बंदच आहे ना?" मी म्हटलं, "चालू असता तरी तुला धूर दिसला नसता." ते काही त्याला पटलं नाही. घरी येऊन मोबाइल उघडला तर गावच्या ग्रुपवर फॉरवर्ड: 'जुने वीज प्रकल्प आता नव्या तंत्राने प्रदूषणमुक्त होणार!' खाली अंगठ्यांची रांग. म्हटलं, लिहावंच.

मी एकवीस वर्षं गॅस टर्बाइनवर पाळ्या केल्या. कंट्रोल रूममध्ये आणि बाहेर पाना घेऊनही. कुठे, ते सांगणार नाही. मोठ्या सरकारी प्रकल्पात नव्हे, किनाऱ्यावरच्या एका कारखान्याच्या स्वतःच्या वीजघरात, एवढं पुरे.

आधी मुळातलं. गॅसमध्ये राख नाही, गंधक जवळजवळ नाही. म्हणून कोळशासारखा धूर नाही, राखेचे डोंगर नाहीत. एका युनिटमागे कार्बन डायऑक्साइड कोळशाच्या निम्म्याहून कमी, साधारण ४०० ग्रॅम, तेही टर्बाइनच्या गरम धुरावर चालणारा वाफेचा संच जोडलेला असला तर. मग घाण कसली? घाण हवेची. ज्वाला १५०० अंशांच्या वर गेली की हवेतला एरवी गरीब असणारा नायट्रोजन ऑक्सिजनला जाऊन चिकटतो. त्याला आम्ही नॉक्स म्हणतो. म्हणजे जळतो गॅस, आणि घाण होते ती हवेची.

जुन्या मशिनचा बर्नर कंदिलाच्या जातीचा. गॅस एका वाटेने येतो, हवा दुसऱ्या वाटेने, आणि दोघं ज्वालेतच भेटतात. जिथे भेटतात तिथे रणरणती उष्णता. अशा बर्नरला काहीच उपाय केला नाही तर नॉक्स १५० ते २५० पीपीएम सहज, म्हणजे धुराच्या दहा लाख भागांत एवढे भाग.

नव्या बर्नरमध्ये गॅस आणि हवा आधीच मिसळून घेतात, आणि हवा मुद्दाम जास्त. पातळ ताकासारखं मिश्रण. ज्वाला गार राहते, नॉक्स २५ वर येतो, चांगल्या मशिनला १५ वर, काहींना ९ वरसुद्धा. पाणी लागत नाही म्हणून याला 'ड्राय लो नॉक्स' म्हणतात. जुनं मशीन तेच ठेवून फक्त ज्वलनकक्ष, बर्नर, गॅसच्या झडपा आणि कंट्रोल बदलायचे, याला अपग्रेड म्हणतात. फॉरवर्डमध्ये 'नवं तंत्र' म्हणतात ते हेच, आणि ते १९९० च्या आसपासपासून जगात चालू आहे.

आपल्याकडे १ जून १९९९ च्या आधीच्या गॅस टर्बाइनला नॉक्सची मर्यादा १५० पीपीएम आहे. नंतरच्या मोठ्या, म्हणजे ४०० मेगावॅट आणि वरच्या प्रकल्पांना नैसर्गिक वायूवर ५०. उरणच्या सरकारी गॅस वीज प्रकल्पाचे संच १९८० च्या दशकातले, अंजनवेलचा पहिला टप्पा मे १९९९ चा. तारखेची गंमत बघा.

माझं म्हणणं दोन वाक्यांत: बर्नर बदलणं चांगलंच. पण मशीन कसं चालवणार ते ठरल्याशिवाय बर्नरवर टाळ्या वाजवण्यात अर्थ नाही. का, ते प्रतिसादांत येईलच.

---

हापूसवाला | रविवार, रात्री १०.५१

छान लिहिलंय. सरळ विचारतो. माझी दीडशे कलमं आहेत, रत्नागिरी तालुक्यात. या नॉक्सने मोहोर जळतो का? आमच्याकडे गेली पंधरा वर्षं कुठल्याही सभेत कोणीतरी उठून म्हणतं की प्रकल्पामुळे आंबा गेला. नेमकं काय ते कोणी सांगत नाही.

---

टर्बोपुणे | रविवार, रात्री ११.२०

काका, लेख आवडला पण तुम्ही तीस वर्षांपूर्वीच्या तंत्रावर थांबलात. आज एच क्लास, म्हणजे सगळ्यात मोठ्या आणि नव्या जातीची मशीन आहेत. २०१६ ला फ्रान्समधल्या बुशाँ प्रकल्पाने ६२.२२ टक्के कार्यक्षमतेचा विक्रम केला, २०१८ ला जपानच्या निशी-नागोयाने ६३.०८. जुन्या पत्र्याला नवा बर्नर लावण्यापेक्षा पूर्ण मशीन बदला ना! आणि हायड्रोजन विसरलात. अमेरिकेत जॉर्जियात २०२२ मध्ये मोठ्या टर्बाइनमध्ये २० टक्के हायड्रोजन मिसळून चालवून दाखवलाय. भविष्य तिकडे आहे.

---

पाळीबहाद्दर | सोमवार, सकाळी ६.४०

पाळी सुटली तरी पहाटे जाग येते, काय करणार.

@हापूसवाला, गंधकाच्या धुराने आंब्याचं टोक काळं पडतं हे खरं आहे. पण तो रोग वीटभट्ट्यांच्या शेजारच्या बागांत ओळखला गेला. गॅस टर्बाइनमधून गंधक निघतच नाही म्हटलं तरी चालेल. नॉक्सचा थेट मोहोरावर परिणाम व्हायचा, तर तो बागेशी पोचेपर्यंत खूप पातळ झालेला असतो. धोका आडवाटेने आहे. नॉक्स उन्हात इतर वायूंशी मिळून जमिनीलगत ओझोन तयार करतो, आणि ओझोन पानाला चांगला नाही. किती तयार होतो ते बागेत मोजल्याशिवाय कळत नाही, आणि बागेत कोणी मोजत नाही. तुमच्या मोहोराला तुडतुडे, भुरी, थ्रिप्स आणि अवकाळी एवढे शत्रू आहेत की एकट्या नॉक्सवर खटला उभा राहणार नाही. पण म्हणून तो निर्दोष असंही मी म्हणत नाही.

@टर्बोपुणे, एच क्लास सुंदर मशीन, वादच नाही. पण ते नव्या पायावर बसतं. जुन्या पायावर ते म्हणजे बैलगाडीच्या जूला घोडा. नवा जनरेटर, नवा ट्रान्सफॉर्मर, नवा बॉयलर, सगळंच नवं. मग त्याला अपग्रेड कशाला म्हणायचं, नवा प्रकल्पच तो. हायड्रोजनचं म्हणाल तर त्याची ज्वाला इतकी चपळ असते की पातळ मिश्रणाच्या बर्नरमध्ये ती उलटी आत शिरते. म्हणून वीस टक्के ही बातमी होते. शिवाय आकारमानाने वीस टक्के म्हणजे उष्णतेने सात टक्क्यांच्या आसपास. कार्बन तेवढाच वाचतो.

---

डहाणूचा चिकू | सोमवार, सकाळी ९.०५

मी किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाचा. आमच्याकडे गॅस नाही, कोळसा. २५० मेगावॅटचे दोन संच, १९९५ पासून. चिकू बागायतदारांनी आणि इतरांनी कोर्टात लढून १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाकडून डहाणू तालुक्यासाठी पर्यावरण प्राधिकरण मिळवलं. त्या प्राधिकरणाने पिच्छा पुरवला म्हणून प्रकल्पाला धुरातलं गंधक धुऊन काढणारी यंत्रणा बसवावी लागली, तीही समुद्राच्या पाण्यावर चालणारी. देशातल्या कोळशाच्या प्रकल्पांत ती अगदी सुरुवातीची.

सांगायचा मुद्दा हा की यंत्र आपोआप बसत नाही. कोणीतरी वर्षानुवर्षं तारखांना हजर राहतं. आमच्या वाड्यांमध्ये फायली सांभाळणारे म्हातारे आहेत, त्यांना पीपीएम तोंडपाठ.

---

कोळीवाडा | सोमवार, दुपारी १.३३

मी अलिबागकडची. माझ्या माहेरी खाडीपलीकडे एका कारखान्याचं वीजघर आहे. गॅसचं. काका म्हणतात धूर दिसत नाही, पण आम्हांला दिसायचा. रोज नाही. पहाटे कधीतरी, आणि पिवळट, थोडा लालसर. आई म्हणायची, आज मशीन उठलं. मग तासाभराने काहीच नाही. तो काय होता?

आणि दुसरं, नळातून गरम पाणी खाडीत सोडतात त्याचं काय? त्यावर बर्नरचा काही संबंध नाही हे कळतं, पण अपग्रेड म्हटलं की आम्ही विचारणार.

---

पाळीबहाद्दर | सोमवार, रात्री ९.१५

@कोळीवाडा, तुमच्या आईने जे बघितलं तोच या धाग्याचा गाभा आहे. मी मुद्दाम मागे ठेवला होता.

तो पिवळा धूर म्हणजे नायट्रोजन डायऑक्साइड. नायट्रिक ऑक्साइड दिसत नाही, हा डायऑक्साइड दिसतो. मशीन उठताना आणि कमी लोडवर, म्हणजे थोडीच वीज काढत असताना, नॉक्समधला त्याचा वाटा वाढतो.

आता नीट वाचा. पातळ मिश्रणाची ज्वाला हट्टी नसते, फुंकर मारली तर विझेल अशी असते. मशीन रिकामं फिरत असताना किंवा कमी लोडवर ती तग धरत नाही. म्हणून नवा बर्नरसुद्धा सुरुवातीला जुन्या पद्धतीनेच जळतो, मध्ये एक जाड ज्वाला ठेवून. लोड वाढत जातो तसं टप्प्याटप्प्याने पातळ मिश्रणावर जातो. बऱ्याच मशिनमध्ये हा शेवटचा टप्पा निम्म्या लोडच्या आसपास येतो. कंपनी जी २५ पीपीएमची हमी देते ती त्याच्या वरची. त्याच्या खाली नॉक्स उसळतो आणि कार्बन मोनॉक्साइडही. करारात हे बारीक अक्षरांत असतं आणि उद्घाटनाच्या फलकावर नसतं.

पूर्वी याचं कोणाला काही वाटत नव्हतं, कारण मशीन एकदा घेतलं की महिनाभर पूर्ण लोडवर. आता दिवसा सौर वीज भरपूर. गॅसची गरज लागते संध्याकाळी सहा ते दहा. म्हणजे रोज उठवा, चार तास चालवा, झोपवा. जुना संयुक्त संच, म्हणजे गॅस आणि वाफेचा जोडसंच, थंड असेल तर त्याला पूर्ण लोडवर यायलाच चार-पाच तास लागतात, कारण वाफेच्या बाजूचं जाड लोखंड हळूहळू तापवावं लागतं. मग तो लवकर उठवून कमी लोडवर तिष्ठत ठेवतात. म्हणजे ज्या अवस्थेत बर्नर सगळ्यात घाण, त्याच अवस्थेत मशीन सगळ्यात जास्त वेळ!

म्हणून म्हणतो, अपग्रेड करायचाच तर '१०० टक्के लोडवर किती पीपीएम' हे विचारू नका. 'किती खालच्या लोडपर्यंत पीपीएम टिकतो' हे विचारा. आजचे चांगले अपग्रेड तीस-चाळीस टक्के लोडपर्यंत ज्वाला धरून ठेवतात. आणि उठायला किती मिनिटं लागतात तेही विचारा.

गरम पाण्याबद्दल: बर्नरचा संबंध नाही, पण कार्यक्षमतेचा आहे. तेवढ्याच विजेसाठी कमी गॅस जळला तर वाफ गार करणाऱ्या कंडेन्सरमधून खाडीत जाणारी उष्णताही कमी होते. थोडीच.

---

मालवणी मसालो | सोमवार, रात्री १०.०२

गाववाल्यांनू, आमच्याकडे गॅसचो प्रकल्प नाय, पण फॉरवर्ड मात्र तोच इलो. तुमी काय ता पीपीएम पीपीएम करतास, माका एकच सांगा, चतुर्थीक लाईट जावची थांबतली काय?

---

हिशेबनीस | सोमवार, रात्री १०.३०

@मालवणी मसालो, नाही. कोकणात लाइट जाते ती वीज कमी पडते म्हणून नाही, तारेवर फणसाची फांदी पडते म्हणून. जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे कितीतरी गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती, तेव्हा काय राज्यात वीज नव्हती? खांब नव्हते.

आता माझा प्रांत. समजा गॅस १० डॉलरला एक एमएमबीटीयू, म्हणजे उष्णतेची दहा लाख बीटीयू मापं, आणि डॉलर ८५ रुपये. एका युनिटमध्ये ३४१२ बीटीयू असतात. नुसतं जुनं टर्बाइन, वाफेशिवाय, कार्यक्षमता ३३ टक्के: गॅसचाच खर्च युनिटला सुमारे ८.८० रुपये. वाफेचा संच जोडलेला, ५० टक्के: ५.८०. अपग्रेड करून ५५ टक्के: ५.२७. आपल्या टर्बोपुणे यांचं ६२ टक्केवालं: ४.६८. हा फक्त गॅस, त्यावर पगार, व्याज, पाइपलाइनचं भाडं वेगळं. आणि सौर वीज दिवसा तीन रुपयांच्या आत मिळते.

सगळ्यात मोठी उडी बघा कुठे आहे. ३३ वरून ५० वर, म्हणजे नुसत्या टर्बाइनच्या गरम धुरावर वाफेचा संच लावण्यात. उरणला ते कधीच झालंय: १०८ मेगावॅटचे चार गॅस संच, आणि त्यांच्या फुकट जाणाऱ्या उष्णतेवर १२० चे दोन, एकूण ६७२. गॅसचा एक थेंब न वाढवता २४० मेगावॅट. नवीन बर्नरपेक्षा हे किती मोठं काम होतं, पण त्याचं फॉरवर्ड कोणी केलं नाही.

---

टर्बोपुणे | सोमवार, रात्री ११.११

गॅसचा थेंब! :)

बरं, हिशेब मान्य. पण मग नॉक्ससाठी स्वस्तातला मार्ग आहे ना, ज्वालेत पाणी किंवा वाफ सोडायची. बर्नर बदलायचीही गरज नाही. ४२ पीपीएमपर्यंत सहज येतं.

---

पाळीबहाद्दर | मंगळवार, सकाळी ६.२५

येतं. मी चालवलंय. पण पाणी किती लागतं ते बघा. वजनाने साधारण गॅसएवढंच. १०८ मेगावॅटचं जुनं मशीन, ३२ टक्के धरलं तर तासाला सुमारे चोवीस टन गॅस खातं. म्हणजे तासाला चोवीस टन पाणी. तेही साधं नव्हे, क्षार पूर्ण काढलेलं, नाहीतर पात्यांवर चुना बसेल. दिवसरात्र चाललं तर पावणेसहाशे टन. दहा हजार लिटरचे सत्तावन्न-अठ्ठावन्न टँकर, रोज, एका मशीनला. एप्रिल-मे मध्ये आमच्या वाडीत टँकर आठवड्यातून दोनदा येतो आणि बायका कळशा घेऊन तासभर आधी रांगेत असतात. त्यांच्यासमोरून हे पाणी ज्वालेत ओतायला न्यायचं? कोकणात पाऊस तीन हजार मिलिमीटर, पण पाणी मे मध्ये नसतं.

आणि आपल्या किनाऱ्याची एक गोष्ट कुठल्याच माहितीपत्रकात नसते. मीठ.

टर्बाइन सेकंदाला शेकडो किलो हवा ओढतं. ती हवा गाळायला तीनमजली फिल्टर घर असतं. पावसाळ्याआधी वारा फिरला की मी शिडीने वर जायचो. वर पोचेपर्यंत ओठ खारट. फिल्टरवर हात फिरवला की तळव्याला चिकट पांढरी साय. एवढं करून मीठ आत जातंच. ते कॉम्प्रेसरच्या पात्यांवर बसतं, हवा कमी येते, लोड उतरतो. मग मशीन थंड करून पाण्याने आणि साबणाने आंघोळ घालायची. खालच्या नळीतून जे पाणी निघतं ते कोळंबीच्या कालवणासारखं तांबूस असतं, वास मात्र जळक्या तेलाचा. मीठ पुढे ज्वालेत गेलं तर आणखी वाईट: गॅसमध्ये नाममात्र का होईना जे गंधक असेल त्याच्याशी मिळून सोडियम सल्फेट होतं आणि वितळून महागड्या पात्यांचा थर खातं.

आता माझी फजिती. नवे बर्नर आमच्याकडे जानेवारीत बसले. कंपनीची माणसं आली, लॅपटॉप लावले, आठ दिवस ज्वाला जुळवली. नॉक्स अठरा! पेढे वाटले. सात जूनला पाऊस सुरू झाला. हवा दमट, वेगळी. नवव्या दिवशी रात्रपाळीला मी होतो. आधी एक घूं असा आवाज, शंखाच्या आत कान लावल्यासारखा. मग कंट्रोल रूमच्या काचा थरथरायला लागल्या. टेबलावरच्या चहावर गोल वलयं. मी लोड उतरवायला हात घातला तोच मशीन ट्रिप, आपोआप बंद. अख्खा कारखाना अंधारात. पातळ ज्वाला विझायच्या कडेवर असते, तिथे दाबाची लाट उठली की ती स्वतःलाच झोके देते. उघडून बघितलं तर ज्वलनकक्षाच्या एका पत्र्याला बोटभर चीर.

चूक कोणाची? बर्नरची नाही. थंडीतल्या कोरड्या हवेत जुळवलेली ज्वाला मृगाच्या हवेत तशीच राहील असं धरून चालणाऱ्या आमची. त्यानंतर आम्ही वर्षातून दोनदा जुळवायला लागलो, एकदा मे अखेर, एकदा दिवाळीच्या आसपास. कोणी अपग्रेडचा करार करत असेल तर पावसाळ्यातली जुळवणी त्यात लिहून घ्या. जानेवारीत पेढे वाटू नका.

---

बॅटरीभाऊ | मंगळवार, दुपारी १२.४८

एवढी कटकट कशाला? संध्याकाळच्या चार तासांसाठी बॅटरी लावा. ना नॉक्स, ना मीठ, ना पेढे. गॅस हा सोनेरी मुलामा दिलेला कोळसाच. शिवाय गॅस विहिरीपासून बर्नरपर्यंत गळतो ते कोणी मोजत नाही. गॅस म्हणजे बहुतांशी मिथेन, आणि तो वीस वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपट तापवतो. थोडी गळती झाली की 'कोळशाच्या निम्मं' हा दावाच पातळ ताक.

---

हिशेबनीस | मंगळवार, दुपारी २.०५

मिथेनचा मुद्दा शंभर टक्के. बॅटरीचाही बराचसा. चार तासांना बॅटरी हल्ली खरंच परवडते. पण पावसाळ्यात आठ दिवस सूर्य दिसत नाही तेव्हा बॅटरी भरायची कशाने?

---

डहाणूचा चिकू | मंगळवार, दुपारी ३.१०

कोयनेने? १९६० मेगावॅट, मिनिटांत उठते.

---

पाळीबहाद्दर | मंगळवार, रात्री ८.५०

कोयना हीच महाराष्ट्राची खरी संध्याकाळची बॅटरी. पण तिला पाण्याचं रेशन आहे. कृष्णा लवादाप्रमाणे पश्चिमेकडे विजेसाठी वर्षाला ६७.५ टीएमसी. ते संपलं की संपलं. आणि गंमत बघा, कोयनेचं ते पाणी पोफळीला उतरून वाशिष्ठीला मिळतं, आणि वाशिष्ठी जिथे समुद्राला मिळते तिथेच अंजनवेलचा गॅस प्रकल्प. एकाच नदीच्या दोन टोकांना राज्याच्या संध्याकाळची दोन उत्तरं. वरचं चालतं, खालचं बहुतेक वेळ वाट बघतं.

अंजनवेलचं रडगाणं इथे सगळ्यांना माहीत आहे म्हणून थोडक्यात. १९९९ ला नाफ्त्यावर, म्हणजे पेट्रोलसारख्या पातळ तेलावर सुरू झालं. पातळ मिश्रणाचा बर्नर मुळात वायूसाठी असतो; नाफ्ता जाळायचा तर नॉक्ससाठी परत पाणी आलंच, म्हणून नियमातही नाफ्त्याला ५० ऐवजी १०० ची मुभा आहे. २००१ ला बंद. २००५ ला नवी सरकारी कंपनी, मग परत सुरू, १९६७ मेगावॅट. पुढे देशांतर्गत गॅस आटला, कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या गॅसचा भरवसा फोल ठरला. २०१३ ला शेजारीच द्रवरूप गॅसचं बंदर झालं, पण लाटा अडवणारा बांध अपुरा असल्यामुळे कितीतरी वर्षं पावसाळ्यात जहाज लागत नव्हतं. म्हणजे बॅटरीभाऊंच्या सूर्यासारखीच गत, नेमकी पावसाळ्यात दांडी. २०१५ पासून रेल्वेला वीज दिली म्हणून धुगधुगी राहिली.

देशात गॅसचे वीस-पंचवीस हजार मेगावॅट उभे आहेत आणि एकूण विजेत त्यांचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास. खत आणि स्वयंपाकाचा गॅस आधी, वीज मागून. ते बरोबरही आहे. पण मग जे मशीन वर्षात महिनाभर चालतं त्याला कोट्यवधींचे बर्नर लावून किती नॉक्स वाचणार? तोच पैसा जलद उठण्यावर, कमी लोडवर ज्वाला टिकण्यावर आणि चिमणीतल्या मोजणीवर लावा. उरणसारख्या ठिकाणी, जिथे पाइपने गॅस येतो आणि मशीन बऱ्यापैकी फिरतात, आणि आजूबाजूला दाट वस्ती आहे, तिथे बर्नर आधी बदला. माझा क्रम असा. जुन्या मशीनचा रोटर, म्हणजे फिरता कणाही तपासा. काही मोठ्या मशीनना १ लाख ४४ हजार तास किंवा पाच हजार वेळा उठणं, जे आधी भरेल तिथे रोटर उघडून बघायला सांगतात. म्हाताऱ्याला नवे दात बसवण्याआधी हृदय तपासा.

---

हापूसवाला | मंगळवार, रात्री ९.३४

हे सगळं ठीक. आम्ही सभेत विचारायचं काय? आणि चिमणीतला आकडा आम्हांला बघायला मिळतो का?

---

पाळीबहाद्दर | मंगळवार, रात्री १०.०५

मिळायला हवा. २०१४ पासून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने वीज प्रकल्पांसकट सतरा प्रकारच्या उद्योगांना चिमणीत चोवीस तास मोजणारं यंत्र लावून आकडे ऑनलाइन द्यायला सांगितलंय. गेटवर फलकही असतो.

आकडा बघताना एकच लक्षात ठेवा: '१५ टक्के ऑक्सिजनला' असं लिहिलंय का, म्हणजे धुरात तेवढा ऑक्सिजन धरून काढलेला आकडा. नाहीतर हवा जास्त घालून पातळ केलेला आकडा दाखवता येतो. दुधात पाणी घालून फॅट कमी आहे म्हणण्यासारखं. आणि रोजची सरासरी मागू नका, मशीन उठतानाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे आकडे मागा.

---

मालवणी मसालो | मंगळवार, रात्री १०.२०

आणि फणसाची फांदी कोण तोडतलो ताव विचारा.

---

कोळीवाडा | बुधवार, संध्याकाळी ६.५५

आज माहेरी आले होते म्हणून भावाला गाडीवर बसवून त्या कारखान्याच्या गेटपर्यंत जाऊन आले. फलक आहे. नॉक्सच्या ओळीपुढे आकडा खडूने लिहिलाय आणि अर्धा पुसलाय, चौकीदाराला विचारलं तर म्हणाला पावसाने गेला. १५ टक्के वगैरे काही नाही. तारीख गेल्या गणपतीची.

फोटो काढू देत नव्हता. आई म्हणाली तू कशाला भांडतेस, मी वहीत लिहीन. पहाटे पिवळा धूर आला की वेळ आणि तारीख. तिच्याकडे भरती-ओहोटीची वही आहेच, त्यातच एक रकाना वाढवलाय.

---

पाळीबहाद्दर | बुधवार, संध्याकाळी ७.१०

आईंना सांगा, धूर दिसायचा थांबला ती वेळही लिहा. दोन्ही वेळांमधलं अंतर पाहिजे मला.